स्टुडिओ शूट दर वेळी उशिरा संपतं? आधी मागच्या फाइल्सच्या वेळा बघा

लक्षणं बहुतेक सगळीकडे सारखीच. सकाळचे पहिले दोन लुक निवांत होतात, एकेका पोझला हवे तेवढे पर्याय मिळतात. दुपारच्या सुट्टीनंतर जो तो घड्याळ बघायला लागतो. शेवटच्या दीड तासात चार-पाच लुक कोंबले जातात, लाइट आहे तोच ठेवून नुसते कपडे बदलले जातात आणि पुढचं बुकिंग दारात उभं असताना स्टँड गुंडाळले जातात. एडिटिंगला बसल्यावर कळतं, की सकाळचं काम मनासारखं झालंय आणि संध्याकाळचं नुसतं उरकलंय. मग पुढच्या वेळी दोन तास जास्त बुक होतात. तरी शेवट तोच.

एखाद्या दिवशी असं झालं तर ते त्या दिवसापुरतं. दर शूटला होत असेल तर कारण प्लॅनमध्येच मुरलेलं आहे, आणि ते शोधून काढता येतं. या घाईत शेवटच्या शॉट्सवर अन्याय होतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं. त्या कपड्यांसाठीही कुणीतरी तेवढेच कष्ट घेतलेले असतात आणि मॉडेल त्या वेळीही तितक्याच उमेदीने उभी असते.

उशीर झाला की दोष समोर दिसेल त्याच्या माथी जातो. मेकअपने वेळ खाल्ला, मॉडेल वेळेवर आली नाही, क्लायंटने ऐनवेळी शॉट वाढवले. यातलं थोडंफार खरं असेलही, पण आठवणीवर विसंबू नका. सगळ्यात त्रासदायक प्रसंग आठवणीत मोठा होऊन बसतो आणि शांतपणे गेलेली पन्नास मिनिटं कुणालाच आठवत नाहीत. खरा हिशोब तुमच्या हार्ड डिस्कवर आहे.

फाइल्सच्या वेळा कशा वाचायच्या

प्रत्येक फ्रेममध्ये ती टिपल्याची वेळ सेकंदापर्यंत नोंदलेली असते. मागच्या शूटचा पूर्ण फोल्डर उघडा. निवडलेल्या फोटोंचा नको, सगळ्या रॉ फाइल्सचा हवा, कारण टेस्ट फ्रेम्स आणि वाया गेलेल्या फ्रेम्सच इथे बोलतात. कॅप्चर टाइमप्रमाणे लावा. दोन कॅमेरे वापरले असतील तर दोन्हींत टिपलेला एखादा सारखा क्षण शोधून घड्याळांमधला फरक आधी काढून घ्या. मग एक कागद घ्या आणि चार-पाच मिनिटांहून मोठी प्रत्येक फट लिहून काढा: कधी सुरू झाली, कधी संपली, आधीच्या आणि नंतरच्या फ्रेममध्ये काय बदललं.

समजा स्टुडिओ ९ वाजता ताब्यात आला. पहिली टेस्ट फ्रेम १०:२० ची आहे, मॉडेल असलेली पहिली फ्रेम ११:०५ ची. पहिला लुक ११:४० ला संपला, दुसरा ११:५२ ते १२:२५. पुढची फ्रेम थेट १:१८ ची. फटीच्या अलीकडे पांढरा बॅकड्रॉप आहे, पलीकडे गडद करडा. पुढे सुट्टी धरून ३:१० पर्यंत करड्यावर तीन लुक झाले, मग परत मोठी फट आणि ३:५५ ला पुन्हा पांढरा बॅकड्रॉप. म्हणजे पांढऱ्याचा सेटअप एकाच दिवशी दोनदा बांधला गेला. दुसऱ्यांदा बांधताना तो सकाळसारखा जुळावा म्हणून धडपड झाली ती वेगळीच. त्या टेस्ट फ्रेम्सही फोल्डरमध्ये ओळीने दिसतील. त्या दिवशी तिथे असलेल्यांना विचारा, बहुतेक जण सांगतील की मेकअपला उशीर झाला.

अशा चार तऱ्हा सापडतात. पहिली, दोन लुकांच्या मध्ये अर्ध्या-पाऊण तासाची फट: शॉट्सचा क्रम चुकलाय. दुसरी, एकाच लुकमध्ये तीन ते आठ मिनिटांच्या विखुरलेल्या फटी आणि आजूबाजूला काळ्या, अर्ध्या उजळलेल्या किंवा रंग बिघडलेल्या फ्रेम्स: दुखणं सामानात आहे. तिसरी, फट कुठेच नाही पण एका लुकच्या तीनशे फ्रेम्स: निर्णय कुणी घ्यायचा हे ठरलेलं नव्हतं. चौथी, पहिली फ्रेमच उशिराची: शूटच्या आधीची तयारी कच्ची. बहुतेक शूटमध्ये दोन तऱ्हा एकत्र असतात. ज्या तऱ्हेची मिनिटं बेरजेत सगळ्यात जास्त भरतील, तिथून सुरुवात करा.

मोठ्या फटी: शॉट्सचा क्रम

माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ इथे जातो, आणि इथलं काम कागदावर आधीच करता येतं.

शॉट लिस्ट येते ती पाठवणाऱ्याच्या सोयीच्या क्रमाने. कॅटलॉगच्या पानांप्रमाणे, मालाच्या कोड नंबरप्रमाणे, नाहीतर मीटिंगमध्ये जे आधी सुचलं ते आधी. ती यादी तशीच कॉल शीटवर (दिवसाच्या वेळापत्रकाच्या कागदावर) चढली की दिवसभर बॅकड्रॉप मागे-पुढे होत राहतो. तुमचा क्रम वेगळ्या हिशोबाने लागायला हवा: जी गोष्ट बदलायला सगळ्यात जास्त वेळ लागतो, ती दिवसात सगळ्यात कमी वेळा बदलायची.

कशाला किती वेळ लागतो हे तुमच्या फाइल्सनी सांगितलंच आहे. सर्वसाधारण चित्र असं असतं. सायक्लोरामा भिंतीचा (जमिनीला गोलाईने जोडलेल्या, कोपरा न दिसणाऱ्या भिंतीचा) रंग बदलायचा तर वाळण्याचा वेळ धरून अर्धा दिवस. बॅकड्रॉप आणि त्याबरोबरचा लाइट बदलायला ३० ते ४५ मिनिटं. केस मोकळ्याचे बांधलेले करायला २० ते ४०. कपडे बदलायला १० ते १५. लेन्स, स्टूल, हातातली वस्तू या गोष्टी दोन-तीन मिनिटांच्या.

आता एक बेरीज-वजाबाकी करून बघा. आठ तासांचं बुकिंग म्हणजे ४८० मिनिटं. सामान आत आणून पहिला लाइट लावायला ६०, सुट्टीला ४५, आवराआवरीला ३०. उरली ३४५. अडचणींसाठी ५० राखून ठेवा, उरली २९५. लुक दहा, प्रत्येकाच्या कपड्यांना १० धरली तर १०० गेली. लाइट दोनदा बदलला, दर वेळी ४० मिनिटं, तर ८० गेली. कॅमेऱ्यासमोर उरली ११५, म्हणजे एका लुकला साडेअकरा मिनिटं. हाच लाइट चारदा बदलला तर उरतात ३५ मिनिटं, म्हणजे एका लुकला साडेतीन. क्लायंट तोच, लुक तेच, तास तेवढेच. हा हिशोब शूटच्या आधी क्लायंटबरोबर बसून मांडला की "अजून दोन लुक टाकूया का" या प्रश्नाचं उत्तर दोघांनाही एकदमच दिसतं, वाद होत नाही.

क्रम लावायला संगणक लागत नाही. एका शॉटची एक चिठ्ठी करा. तिच्यावर बॅकड्रॉप, लाइट, केस-मेकअप, कपडे आणि क्रॉप (फुल की हाफ, किती भाग घ्यायचा ते) एवढंच लिहा. चिठ्ठ्या टेबलावर पसरा. आधी बॅकड्रॉप आणि लाइट मिळून गठ्ठे करा, मग प्रत्येक गठ्ठ्यात केस-मेकअपप्रमाणे, त्यात कपड्यांप्रमाणे. एकच पोशाख दोन बॅकड्रॉपवर हवा असेल तर तो मॉडेलने दोनदा घालायचा. लाइट दोनदा बांधण्यापेक्षा ते कितीतरी स्वस्त पडतं, हे सगळ्यांना पटवून द्यावं लागतं, कारण कपडे बदलणाऱ्यांना ते उगाचचं काम वाटतं.

चिठ्ठ्या लावताना एक अडचण येतेच. काही गोष्टी एकाच दिशेने जातात, मागे फिरत नाहीत. सरळ केसांचे कुरळे करता येतात, पण कुरळ्यांचे पुन्हा चकचकीत सरळ करणं त्या दिवशी अवघड. फिकट लिपस्टिकवरून गडदवर जाणं सोपं, गडद काढली की ओठांवर आणि कडेला छटा राहते. तंग कपड्यांचे आणि इलॅस्टिकचे वळ कातडीवर बराच वेळ दिसतात, म्हणून सैल आणि उघड्या खांद्यांचे कपडे आधी. कागदाचा बॅकड्रॉप पावलांनी मळतो, म्हणून पायापर्यंतचे शॉट आधी आणि कमरेवरचे नंतर. तेल, पाणी, रंगपूड, चमकी या गोष्टी सगळ्यात शेवटी. आधी या एकदिशा बंधनांच्या चिठ्ठ्यांवर बाण काढा आणि मगच गठ्ठे लावा. बाण आणि गठ्ठे एकमेकांच्या आड आले तर बाणाचं ऐका. लाइट परत बांधता येतो, ओठांवरचा डाग तासभर पुसत बसावा लागतो.

आणखी एक फायदा पदरात पाडून घ्या. लाइट बदलायची ४० मिनिटं आणि केस बदलायची ४० मिनिटं एकाच वेळी येतील असा क्रम लावला तर त्यातली एक फुकट मिळते. पुष्कळ कॉल शीटवर या दोन गोष्टी एकामागोमाग लिहिलेल्या असतात. एक टीम काम करते आणि दुसरी खुर्चीवर बसून राहते.

इतकं करूनही एखादा सेटअप परत बांधावा लागेल. त्याची तयारी पहिल्यांदा बांधतानाच करून ठेवायची. स्टँडच्या तिन्ही पायांच्या जागी, मॉडेलच्या पावलांच्या जागी आणि ट्रायपॉडखाली टेप मारा, प्रत्येक सेटअपला टेपचा रंग वेगळा. फ्लॅशची पॉवर, स्टँडची उंची, सॉफ्टबॉक्सचा (फ्लॅशवर चढवायच्या, प्रकाश मऊ करणाऱ्या पेटीचा) कोन लिहून ठेवा. फोनवर एक फोटो बाजूने, एक वरून. आणि सॉफ्टबॉक्सच्या कडेला एक दोरी बांधा. दोरीचं टोक मॉडेलच्या नाकापर्यंत ताणायचं आणि तिथे गाठ मारायची. पुन्हा सेटअप लावताना गाठ नाकाशी आली की अंतर जुळलं. हे क्षुल्लक वाटतं, पण अंतर दुप्पट झालं की प्रकाश चौथाई होतो, म्हणजे दोन स्टॉप जातात (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा किंवा दुप्पट). मीटरभर अंतरावर नुसती १० सेंटिमीटरची चूक पाव स्टॉपहून जास्त फरक करते. मोठा सॉफ्टबॉक्स अगदी जवळ असेल तर हे गणित तंतोतंत लागू पडत नाही, फरक थोडा कमी पडतो. तरी सकाळचा आणि दुपारचा फोटो शेजारी लावल्यावर तो डोळ्याला दिसतोच.

विखुरलेल्या छोट्या फटी: सामान

इथे एकेक फट लहान असते म्हणून कुणी मोजत नाही. पाच मिनिटांच्या आठ फटी झाल्या की एक अख्खा लुक गेला. शिवाय प्रत्येक फटीत मॉडेलचा सूर तुटतो, तो परत लागायला वेगळा वेळ.

फ्लॅश कधी उडतो, कधी नाही. अशा वेळी चार जण चार ठिकाणी हात घालतात. तसं न करता ट्रिगरवरचं (कॅमेऱ्यावर बसून फ्लॅशला इशारा देणाऱ्या यंत्रावरचं) टेस्ट बटण दाबा. त्याने फ्लॅश उडाला पण शटरने उडत नसेल, तर दोष कॅमेरा आणि ट्रिगरच्या मध्ये आहे. ट्रिगर हॉट शूमधून (कॅमेऱ्याच्या माथ्यावरच्या खाचेतून) काढा आणि पुन्हा शेवटपर्यंत सरकवा. पुष्कळदा तो दोन-तीन मिलिमीटर अलीकडेच अडकलेला असतो आणि तसाच लॉक केलेला असतो, त्यामुळे मधली पिन संपर्कावर बसत नाही. वरून बघितलं तर सगळं ठीक दिसतं. संपर्क कोरड्या स्वच्छ कापडाने पुसा. तरीही उडत नसेल तर कॅमेरा सायलेंट किंवा इलेक्ट्रॉनिक शटरवर आहे का बघा, बऱ्याच मिररलेस कॅमेऱ्यांत त्या मोडमध्ये फ्लॅश चालत नाही.

टेस्ट बटणानेही उडाला नाही, तर चॅनेल, ग्रुप आणि बॅटरी. बरेच ट्रिगर २.४ गिगाहर्ट्झवर चालतात, तीच पट्टी वायफायचीही असते. गर्दीच्या ठिकाणी चॅनेल बदलून बघा. फ्लॅश ट्रिगरच्या अगदी जवळ, हातभर अंतरावर असतानाच चुकत असेल, तर काही ट्रिगरांत जवळच्या अंतरासाठी वेगळी सेटिंग असते, ती चालू करा. आणि कुणी न दाबताच फ्लॅश उडत असेल, तर त्याचा ऑप्टिकल स्लेव्ह (दुसऱ्या फ्लॅशचा उजेड बघून उडण्याची सोय) चालू राहिलाय. दुसऱ्या कुणाच्या फ्लॅशला तो उत्तर देतोय.

फ्रेमच्या एका लांब कडेला काळा पट्टा. शटर स्पीड सिंकच्या (फ्लॅशशी जुळण्याच्या कमाल वेगाच्या) पुढे गेलाय. फोकल प्लेन शटरच्या कॅमेऱ्यांत ही मर्यादा साधारण १/२०० किंवा १/२५० सेकंद असते, काहींत त्याहून खाली. ट्रिगर स्वतः थोडा उशीर लावतो, त्यामुळे कागदावर १/२०० असलेल्या कॅमेऱ्यावरही पातळ पट्टा येऊ शकतो. सरळ १/१६० किंवा १/१२५ वर काम करा. हालचाल गोठवायचं काम फ्लॅशची झळक करते, शटर नव्हे. अट एकच, खोलीतला बाकीचा प्रकाश फोटोत येता कामा नये. त्यासाठी सगळे फ्लॅश बंद करून त्याच सेटिंगला एक फ्रेम मारा, समजा १/१६०, एफ ८, आयएसओ १००. ती जवळजवळ काळी यायला हवी. चेहरा दिसत असेल तर खिडकी नाहीतर छतावरचे दिवे तुमच्या फोटोत शिरताहेत. ही काळी फ्रेम प्रत्येक सेटअपची पहिली फ्रेम असावी, अशी सवय लावून घ्या.

याच सेटिंगला मिररलेस कॅमेऱ्याचा व्ह्यूफाइंडर काळाठिक्कर दिसतो, कारण कॅमेरा फ्लॅशशिवायचा प्रकाश दाखवतो. एक्सपोजर सिम्युलेशन बंद केलं की दिसायला लागतं. एवढ्याशा गोष्टीपायी फोकस चुकलेल्या फ्रेम्सची रांग लागते.

तीन-चार फ्रेम्स नीट, मग एक काळपट. फ्लॅश पुन्हा चार्ज होण्याआधी शटर दाबलं जातंय. बीप चालू करा आणि बीप ऐकूनच दाबा. मॉडेल वेगाने पोझ देणारी असेल तर पॉवर कमी करून आयएसओ १०० चा २०० करा. तेवढ्याने लागणारी पॉवर निम्मी होते आणि फ्लॅश लवकर तयार होतो. उलट त्रासही होतो: पॉवर कमी केल्यावरची पहिली फ्रेम भडक येते. जुन्या फ्लॅशमध्ये आधीचा साठा तसाच राहतो, म्हणून पॉवर खाली आणली की टेस्ट बटणाने एकदा रिकामा उडवायचा.

रंग फ्रेमगणिक बदलतोय. पहिला संशय ऑटो व्हाइट बॅलन्सवर, म्हणजे कॅमेऱ्याने आपोआप रंग जुळवण्यावर. मॉडेलने लाल ओढणी पुढे घेतली की कॅमेरा त्वचा निळी करायला निघतो. व्हाइट बॅलन्स ५५०० केल्व्हिनच्या आसपास बांधून टाका आणि दर सेटअपला मॉडेलच्या हातात ग्रे कार्ड (रंग जुळवायचं करडं कार्ड) देऊन एक फ्रेम घ्या. दुसरा संशय मॉडेलिंग लॅम्पवर, म्हणजे फ्लॅशमधल्या सतत जळणाऱ्या दिव्यावर. हॅलोजनचा असेल तर तो ३२०० केल्व्हिनच्या जवळ असतो आणि शटर स्पीड कमी ठेवला की पिवळेपणा सोडतो. तिसरा संशय फारसा कुणाला येत नाही: पॉवर बदलल्याने फ्लॅशचा स्वतःचा रंग बदलतो. जुन्या, व्होल्टेज कमी करून पॉवर उतरवणाऱ्या फ्लॅशचा रंग कमी पॉवरला उबदार होतो. आयजीबीटीवर चालणाऱ्यांचा, म्हणजे झळक मध्येच तोडून पॉवर उतरवणाऱ्यांचा, निळसर होतो. काही फ्लॅशमध्ये रंग स्थिर ठेवण्याचा मोड असतो. तो नसेल तर उजेड थोडा कमी-जास्त करायला पॉवरपेक्षा स्टँड मागे-पुढे करणं बरं. दोन वेगळ्या जातीचे फ्लॅश चेहऱ्याच्या दोन बाजूंना लावायचं टाळा, एडिटिंगमध्ये तो फरक काढताना जीव जातो.

टेदरिंग, म्हणजे केबलने कॅमेरा लॅपटॉपला जोडून केलेलं शूटिंग, तुटतंय. आधी केबल बघा. साधी यूएसबी ३ केबल तीन मीटरच्या पुढे भरवशाची राहत नाही, जास्त लांबी हवी तर अ‍ॅक्टिव्ह केबल घ्या. मध्ये हब नको. केबलचा ताण कॅमेऱ्याच्या सॉकेटवर येऊ नये म्हणून ती ट्रायपॉडला किंवा कॅमेऱ्याच्या पट्ट्याला एक वळसा घालून बांधा. कॅमेऱ्याचा ऑटो पॉवर ऑफ आणि लॅपटॉपचं यूएसबी पॉवर सेव्हिंग बंद करा. लाइटरूम आणि कॅप्चर वन दोन्ही उघडी असतील तर एक बंद करा, कॅमेरा एका वेळी एकालाच धरतो. कॅमेऱ्यात सोय असेल तर कार्डवरही फाइल लिहू द्या, म्हणजे केबल सुटली तरी शूट थांबवावं लागत नाही. लॅपटॉपशी झटापट चालू असताना मॉडेलला दिव्यात ताटकळत ठेवू नका, तिला बसू द्या.

पांढरा बॅकड्रॉप जमता जमत नाही, यातही बराच वेळ जातो. मॉडेल बॅकड्रॉपला चिकटून उभी असेल तर कितीही लाइट फिरवा, तिची सावली आणि बॅकड्रॉपचा उजेड एकमेकांत मिसळतात. निदान दोन मीटर पुढे आणा. बॅकड्रॉप चेहऱ्यापेक्षा एक स्टॉप, फार तर दीड स्टॉप उजळ पुरतो. हौसेने तीन स्टॉप केला की केसांच्या कडा खाल्ल्या जातात आणि सगळ्या चित्रावर धुरकट पडदा येतो. लेन्स साफ करून उपयोग नाही, बॅकड्रॉपचे दिवे उतरवा.

फटी नाहीत, पण फ्रेम्स भारंभार

लुकच्या तीनशे फ्रेम्स आहेत आणि निवडलेल्या दोन त्यातल्या पहिल्या साठांत सापडतात, तर उरलेल्या अडीचशे कुणाच्या समाधानासाठी मारल्या ते शोधा. बहुतेकदा स्क्रीनमागे चार जण उभे असतात आणि प्रत्येकाचं मत वेगळं असतं. उपाय सामानाचा नाही, ठरवण्याचा आहे. "झालं, पुढचा" असं म्हणण्याचा अधिकार एकाच व्यक्तीला द्या आणि तिचं नाव कॉल शीटवर लिहा. पसंत पडलेल्या फ्रेमला सॉफ्टवेअरमध्ये तिथल्या तिथे स्टार द्या. स्टार पडला की तो शॉट यादीतून खोडायचा, सगळ्यांना दिसेल असा. मूडबोर्डवर एकेका लुकसाठी दहा चित्रं असतील तर दहा जण दहा गोष्टी शोधत बसतात. एका लुकला एक चित्र, फार तर दोन, आणि त्यातलं नेमकं काय घ्यायचंय ते शब्दांत: लाइट, पोझ की रंग.

पहिली फ्रेमच उशिराची

९ ला स्टुडिओ आणि ११ ला पहिली फ्रेम, हे कॉल शीटवरच्या एका ओळीमुळे होतं: "सर्वांनी ९ वाजता पोहोचणे." पूर्ण मेकअप आणि केसांना तास-दीड तास लागतो. लाइटवाले आणि मेकअपवाले एकाच वेळी आले तर लाइट तयार होऊन वाट बघत बसतो, आणि फोटोग्राफर त्या वेळात लाइट विनाकारण बदलत राहतो. मेकअप तासभर आधी सुरू करा. स्टुडिओ तेवढ्या लवकर मिळत नसेल तर शेजारची कुठलीही उजेडाची खोली चालेल. पहिला लुक सगळ्यात साध्या मेकअपचा ठेवा. मॉडेल तयार होईपर्यंत तिच्याच उंचीच्या कुणाला तरी टेपवर उभं करून लाइट पक्का करा. त्या व्यक्तीच्या अंगावर पहिल्या लुकच्या रंगाचा कपडा असेल तर आणखी बरं, काळ्या टी-शर्टवर जमवलेला फिल (सावल्या उजळणारा प्रकाश) पांढऱ्या कुर्त्यावर निरर्थक ठरतो.

इस्त्री आणि स्टीमिंग आदल्या दिवशी व्हायला हवं. शूटच्या दिवशी फक्त प्रवासातल्या घड्या. स्टीमर, हेअर ड्रायर आणि फ्लॅश एकाच सर्किटवर लावू नका. ड्रायर एकटा दीड-दोन हजार वॅट ओढतो, ब्रेकर पडला की लॅपटॉपची स्क्रीन, फ्लॅश, सगळं एकदम बंद. स्टुडिओ बघायला जाल तेव्हाच कोणतं सॉकेट कोणत्या सर्किटवर आहे ते विचारून घ्या.

आणि बघायला नक्की जा, मोजायची टेप घेऊन. स्टुडिओच्या फोटोंवरून खोली किती लांब आहे ते कळत नाही. गणित सोपं आहे. फुल फ्रेम कॅमेरा उभा धरून डोक्यापासून पायापर्यंत फोटो घ्यायचा, वर-खाली थोडी हवा ठेवून फ्रेममध्ये २.२ मीटर उंची बसवायची. लेन्सचे मिलिमीटर गुणिले २.२, भागिले ३६ (सेन्सरच्या लांब बाजूचे मिलिमीटर). ८५ मिमी लेन्सला उत्तर येतं साधारण ५.२ मीटर, ५० मिमीला ३ मीटरच्या आसपास. हे कॅमेऱ्यापासून मॉडेलपर्यंतचं अंतर. त्यात मॉडेलमागचे दोन मीटर आणि तुमच्या पाठीमागचा एक मीटर मिळवा. ८५ ला आठ मीटरहून लांब खोली लागते. सहा मीटरच्या खोलीत ८५ ची लेन्स घेऊन गेलात, तर सकाळचा पाऊण तास सामान सरकवण्यात जाणार हे आधीच ठरलेलं असतं. छताची उंचीही मोजा, बूमवरचा (आडव्या दांडीवरचा) सॉफ्टबॉक्स उंच मॉडेलच्या डोक्यावर मावायला हवा. कागदी रोल २.७२ मीटर रुंदीचा असेल तर एका माणसाला पुरतो. तीन-चार जण शेजारी उभे करायचे तर ३.५५ मीटरचा मागवा, नाहीतर कडा जोडण्याचं काम एडिटिंगवर येऊन पडतं.

प्लॅन असूनही दिवस हातातून निसटायला लागला तर

याची तयारीही आदल्या दिवशीच होते. चिठ्ठ्या लावून झाल्या की प्रत्येकीवर अ, ब किंवा क लिहा, क्लायंटच्या समोर. अ म्हणजे याच्याशिवाय शूटला अर्थ नाही. क म्हणजे झाला तर चांगलं. प्रत्येक गठ्ठ्यात अ आधी घ्या. कॉल शीटवर दोन वेळा ठळक लिहा, समजा १ आणि ४, आणि त्या वेळेला कितवा शॉट झालेला असायला हवा तेही. १ वाजता दोन शॉट मागे असाल तर तेव्हाच दोन क गाळा. चार वाजेपर्यंत थांबलात तर गाळायला अ च उरतात.

वेळ वाचवायला लोक सगळ्यात आधी टेस्ट फ्रेम्स गाळतात: काळी फ्रेम, ग्रे कार्डची फ्रेम. त्या दोन मिळून अर्धं मिनिट घेतात, त्यांना हात लावू नका. त्यापेक्षा क्रॉप कमी करा. फुल आणि हाफ दोन्ही हवे असतील आणि कॅमेऱ्याचं रिझोल्यूशन पुरेसं असेल, तर फुल शॉटमधूनच हाफ कापून घेता येतो. कपडे बदलणं वाचवायचं असेल तर वरचा थर बदला, जॅकेट काढा, दुपट्टा बदला.

आणि कितीही घाई असली तरी सेटअप मोडण्याआधी त्या सेटअपच्या प्रत्येक स्टार मिळालेल्या फ्रेमचे डोळे शंभर टक्के झूम करून बघा. फोकस पापण्यांवर आहे का, केसांची बट चेहऱ्यावर आलीय का, कॉलरमागची क्लिप दिसतेय का. फाइल्स दुसऱ्या डिस्कवर गेल्यात का तेही तेव्हाच बघा. एवढं झालं की स्टँड हलवायला सांगा.